दोन मनोविकारतज्ज्ञ, दोन सल्ले: ऐकावे कोणाचे?

वाचकाचे पत्र:

‘माझा धाकटा भाऊ चोपडा-रावेर भागातून केळीच्या गाड्या घेऊन दिल्ली-पंजाबकडे जात असे. जागरण सोसावे म्हणून ढाब्यावर डोड्याचे (अफूच्या बोंडांचे) पाणी घेण्यापासून सुरुवात झाली आणि पुढे तो गर्द (हेरॉइन) ओढू लागला. जळगावच्या एका अनुभवी मनोविकारतज्ज्ञांनी त्याला बारा दिवस दाखल करून घेतले, शरीर स्वच्छ झाले असे सांगितले आणि नशा चढू न देणाऱ्या नाल्ट्रेक्सोनच्या गोळ्या देऊन घरी पाठवले. दोन महिन्यांच्या आत तो पुन्हा ओढू लागला. आता धुळ्याच्या एक तरुण डॉक्टर मॅडम त्याला जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी देत आहेत आणि ती कदाचित काही वर्षे घ्यावी लागेल असे म्हणतात. पाच आठवडे झाले, तो गर्दला शिवलेला नाही. जळगावच्या डॉक्टरांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले की ही गोळी अफूच्याच जातीची आहे, मुलाला तिची सवय लागेल. आमचे नाना तर रोज म्हणतात, “एक नशा गई, दुसरी उनी.” भावाला सहा महिने एखाद्या केंद्रात बंद करून ठेवावे असे त्यांच्या मनात आहे. दोन्ही डॉक्टर एम.डी. आहेत, दोघेही भले आहेत. मग एकाच आजारावर ते इतके उलट कसे बोलतात? आम्ही कोणाचे ऐकावे?’

– एक शिक्षिका, अमळनेर तालुका

उत्तर:

ताई, तुमच्या दोन प्रश्नांपैकी दुसऱ्याचे उत्तर आधी देते, कारण ते तातडीचे आहे. तुमच्या भावाला मी तपासलेले नाही, आणि गोळीची मात्रा व मुदत ठरवणे हे त्याच्या डॉक्टरांचेच काम आहे. परंतु तुम्ही लिहिलेल्या हकिगतीवरून माझे मत स्पष्ट आहे की धुळ्याचे उपचार चालू ठेवावेत. नानांच्या आग्रहाखातर किंवा जळगावच्या डॉक्टरांच्या मतावरून ती गोळी अचानक बंद करणे, हा आज तुमच्या घरापुढचा सर्वांत मोठा धोका आहे. असे का, हे सांगायचे तर तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे वळावे लागते, आणि तो प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. दोन डॉक्टरांची मते वेगळी निघाली की आपल्याकडे एकाला लबाड आणि दुसऱ्याला हुशार ठरवून लोक मोकळे होतात. तुम्ही दोघांना भले मानून कारण विचारले आहे.

ते कारण बरेचसे त्यांच्या घडणीत आहे. एम.बी.बी.एस.च्या अभ्यासात मनोविकारशास्त्राला थोडीच जागा असते, त्यामुळे मनोविकारतज्ज्ञ खऱ्या अर्थाने घडतो तो एम.डी.च्या तीन वर्षांच्या निवासी प्रशिक्षणात, म्हणजे ज्याला सगळे रेसिडेन्सी म्हणतात त्या काळात. पुस्तके सगळीकडे जवळपास सारखीच असतात. ब्युप्रेनॉर्फिन मेंदूतल्या कोणत्या रिसेप्टरला चिकटते आणि एका पातळीनंतर तिचा परिणाम का वाढत नाही, हे धुळ्याचा, नागपूरचा आणि चंडीगडचा विद्यार्थी परीक्षेत सारखेच लिहितो. फरक पडतो तो हाताला कोणते वळण लागले यात. रात्री वॉर्डात आलेल्या रुग्णाला युनिटचे वरिष्ठ काय देतात, रुग्णालयाच्या औषधभांडारात कोणती गोळी असते आणि कोणती कधीच नसते, कोणत्या रुग्णाची चौकशी आस्थेने होते आणि कोणाच्या केस पेपरवर ‘पुन्हा दाखल’ एवढाच शेरा पडतो, हे सारे तो निवासी डॉक्टर न शिकवता शिकत असतो. मी स्वतः निवासी डॉक्टरांना शिकवते, आणि वर्गात सांगितलेल्या गोष्टीपेक्षा वॉर्डात पाहिलेली गोष्ट त्यांच्यापाशी कितीतरी जास्त काळ टिकते, असा माझा अनुभव आहे.

महाराष्ट्रातल्या बहुतेक निवासी डॉक्टरांना व्यसनाचा रुग्ण म्हणून दिसतो तो मुख्यतः दारूचा. दिल्लीच्या एम्सच्या राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्राने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत १० ते ७५ वर्षे वयाच्या लोकांपैकी १४.६ टक्के लोक दारू घेणारे आढळले, तर अफू, गर्द आणि अफूवर्गीय औषधे घेणारे सुमारे २.१ टक्के, म्हणजे साधारण २ कोटी २६ लाख. हे २.१ टक्केही देशभर सारखे पसरलेले नाहीत. मिझोराम, नागालँड, मणिपूर, सिक्कीम आणि अरुणाचल प्रदेशात हे प्रमाण १० टक्क्यांच्या वर होते, आणि पंजाब, हरियाणा व दिल्लीतही प्रश्न गंभीर होता. त्यामुळे चंडीगडला किंवा दिल्लीला शिकणारा डॉक्टर अफूवर्गीय व्यसनाचे रुग्ण रोज हाताळतो, तर आपल्याकडच्या अनेक महाविद्यालयांत तीन वर्षांत असे रुग्ण अधूनमधून येतात आणि ब्युप्रेनॉर्फिनची पहिली मात्रा स्वतःच्या हाताने सुरू करण्याचा प्रसंग काहींवर एकदाही येत नाही.

याचा परिणाम असा होतो की दारूच्या उपचाराचा साचाच गर्दला लावला जातो. दारूचा क्रम ठरलेला आहे: रुग्णाला दाखल करायचे, थायमिन द्यायचे, शांत ठेवणाऱ्या गोळ्या देऊन त्या आठवडाभरात उतरवत आणायच्या, मग दारू प्यायल्यास त्रास होईल अशी गोळी सुरू करायची, समुपदेशन करायचे आणि ए.ए.च्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस) सभेला पाठवायचे. दारूसाठी हा क्रम योग्यच आहे. दारू अचानक तुटल्यावर फिट येऊ शकते, भ्रम होऊन माणूस दगावूही शकतो, म्हणून निवासी डॉक्टर पहिला आठवडा डोळ्यांत तेल घालून जागतो आणि तो पार पडला की निर्धास्त होतो. जळगावच्या डॉक्टरांनी केलेले उपचार याच क्रमाने गेले आहेत: बारा दिवसांचा वॉर्ड, आणि त्यानंतर नशेचा परिणाम होऊ न देणारी गोळी.

गर्दचे नेमके उलट आहे, आणि माझ्या मते तुमच्या दोन डॉक्टरांच्या मतभेदाचे मूळ इथे आहे. गर्द तुटल्यावर होणारा त्रास, ज्याला ही मुले टर्की म्हणतात, तुम्ही घरी पाहिला असेल: जांभया, नाका-डोळ्यांतून पाणी, पोटात कळा, जुलाब, अंग मोडून निघणे, झोप पार उडणे. तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचतो आणि आठवडा-दहा दिवसांत ओसरतो. तो असह्य असतो, पण धडधाकट तरुण त्याने सहसा दगावत नाही. खरा धोका त्यानंतरचा आहे. रोज गर्द ओढून शरीराने जी सोसण्याची ताकद मिळवलेली असते ती या थोड्या दिवसांत निघून जाते, मेंदूतली ओढ मात्र महिनोन्‌महिने राहते. अशा अवस्थेत माणूस घरी जातो, जुना मित्र भेटतो, आणि पूर्वी पचत असे तेवढेच प्रमाण तो घेतो. तेवढ्याने श्वास थांबू शकतो. दारूच्या वॉर्डात शिकलेला डॉक्टर जिथे निर्धास्त होतो, तिथूनच गर्दच्या रुग्णाच्या जिवाचा धोका सुरू होतो. तुमचा भाऊ दोन महिन्यांत पुन्हा ओढू लागला आणि तरीही आज तुमच्यासमोर आहे, ही गोष्ट नानांनी रागाने न पाहता दिलाशाने पाहावी, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.

घडणीचा दुसरा परिणाम असा की रेसिडेन्सीत डॉक्टरला कोण दिसते आणि कोण दिसत नाही, यावर त्याची आशा ठरते. निवासी डॉक्टर काही महिने एका युनिटमध्ये असतो आणि मग पुढच्या पोस्टिंगला जातो. या काळात वॉर्डात पुन्हा पुन्हा येणारा तोच रुग्ण त्याला भेटत राहतो. जो सुधारला, कामाला लागला, ज्याने मुलीचे लग्न केले, तो वॉर्डाकडे फिरकत नाही, म्हणून त्याची नोंद त्या तरुण मनावर होतच नाही. तीन वर्षांनी बाहेर पडताना अनेकांची अशी ठाम समजूत झालेली असते की ‘हे लोक सुधारत नाहीत’, आणि ती कोणी शिकवलेली नसल्यामुळे ती खोडून काढणेही अवघड जाते. याउलट जिथे ब्युप्रेनॉर्फिन किंवा त्याच वर्गातले मेथाडोन देणारी बाह्यरुग्ण सेवा विभागालाच जोडलेली असते, तिथे निवासी डॉक्टर तोच माणूस पहिल्या दिवशी घामाघूम अवस्थेत, महिन्याने वजन वाढलेला आणि वर्षाने रिक्षा चालवताना पाहतो. अशा डॉक्टरला रुग्ण एकदा घसरला तरी उपचार फसले असे वाटत नाही, कारण घसरून पुन्हा उभे राहिलेले रुग्ण त्याने पाहिलेले असतात.

तिसरी गोष्ट भीतीची. १९९०च्या दशकात देशाच्या उत्तर आणि पूर्व भागांत ब्युप्रेनॉर्फिनचीच वेदनाशामक इंजेक्शने नशेसाठी शिरेतून टोचून घेणारे पुष्कळ होते. त्या काळात शिकलेल्या पिढीला हे औषध प्रथम भेटले ते नशेचा पदार्थ म्हणून, आणि त्या पिढीने पुढच्या पिढीला तोच सावधपणा दिला. त्यात अमली पदार्थांविषयीचा १९८५चा एन.डी.पी.एस. कायदा, साठ्याच्या नोंदी आणि तपासणीची धास्ती यांची भर पडली. हा सावधपणा निराधार नाही; गोळी बाहेर विकली जाऊ शकते, म्हणूनच ती समोर बसवून दिली जाते, आणि तिच्यात अफूवर्गीय पदार्थांचा परिणाम रोखणारे नॅलोक्सोन मिसळलेले असते, जे जिभेखालून फारसे शोषले जात नाही पण कोणी गोळी विरघळवून टोचली तर नशेच्या आड येते. जळगावच्या डॉक्टरांनी हे मिश्रण स्वतः वापरलेच नसेल तर त्यांच्या डोळ्यांपुढे अजूनही ते जुने इंजेक्शन असणे अगदी शक्य आहे.

ही केवळ आपल्याकडची उणीव आहे असे समजू नका. अमेरिकेत मनोविकारशास्त्राची रेसिडेन्सी चार वर्षांची असते आणि तिच्यात व्यसनोपचारासाठी बंधनकारक असतो तो साधारण एक महिना. तिथे २००२ मध्ये ब्युप्रेनॉर्फिनला मान्यता मिळाली तेव्हा ती लिहून देण्यासाठी डॉक्टरांना आठ तासांचे वेगळे प्रशिक्षण आणि स्वतंत्र सरकारी परवानगी सक्तीची होती. वीस वर्षे सगळे म्हणत राहिले की ही अटच आडवी येते. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये कायदा बदलून ती काढून टाकण्यात आली. गोळी लिहिणारे डॉक्टर त्यानंतर वाढले, पण ती मिळणाऱ्या रुग्णांची संख्या त्या मानाने वाढली नाही. परवानगी कागदावर देता येते, पण असा रुग्ण समोर बसल्यावर डॉक्टरच्या मनात जी स्वस्थता लागते ती शिकण्याच्या वयात, अनुभवी शिक्षकाच्या शेजारी बसूनच येते, असे मला यावरून वाटते.

या उपचारांच्या उगमातही घडणीचीच कथा आहे. मेरी निस्वँडर नावाच्या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरने उमेदीच्या काळात केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनच्या सरकारी रुग्णालयात काम केले. तिथे अफूवर्गीय व्यसनाचे रुग्ण महिनोन्‌महिने ठेवले जात, त्यांचे शरीर स्वच्छ केले जाई, आणि घरी गेलेले बहुसंख्य पुन्हा व्यसनाकडे वळत. ते पाहिल्यामुळेच त्यांनी पुढे व्हिन्सेंट डोल यांच्याबरोबर न्यूयॉर्कमध्ये मेथाडोन देऊन रुग्णांना दीर्घकाळ सांभाळण्याची पद्धत उभी केली, जी १९६५ मध्ये वैद्यकीय जगापुढे आली. नानांच्या मनात असलेला सहा महिन्यांच्या बंदिस्तीचा उपाय मोठ्या प्रमाणावर करून पाहिला गेला होता, आणि तो पुरत नाही हे पाहूनच हा दुसरा मार्ग शोधला गेला.

तुम्ही शिक्षिका आहात, म्हणून एका प्रयोगाची माहिती नेमकी देते. तो जणू तुमच्या भावाच्या प्रश्नासाठीच केला असावा असा आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधल्या या अभ्यासात हेरॉइनचे व्यसन असलेले ४० जण होते. त्यांच्यापैकी २० जणांना वर्षभर रोज ब्युप्रेनॉर्फिन दिले गेले. उरलेल्या २० जणांना ते सहा दिवसांत कमी करत आणून बंद केले आणि पुढे दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी दिली. समुपदेशन आणि गटचर्चा दोन्ही गटांना सारख्याच होत्या. वर्षअखेर पहिल्या गटातले ७५ टक्के उपचारात टिकून होते, दुसऱ्या गटातला एकही नव्हता, आणि दुसऱ्या गटातले चौघे मरण पावले होते. २० तरुणांपैकी चौघे, तेही चांगले समुपदेशन मिळत असताना. पुढे २०१७ मध्ये अनेक देशांतल्या पाहण्या एकत्र करून जो हिशेब मांडला गेला त्यात ब्युप्रेनॉर्फिन चालू असताना दर हजार रुग्णांमागे वर्षाला ४.३ मृत्यू आणि उपचार सुटलेल्या काळात ९.५ मृत्यू आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही दोन्ही औषधे २००५ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. पंजाब सरकारने तर या गोळीवर आधारलेले बाह्यरुग्ण दवाखानेच सुरू केले. तुमचा भाऊ ज्या रस्त्याने केळी घेऊन जात होता, त्याच्या दुसऱ्या टोकाला हा उपचार आता नवलाईचा राहिलेला नाही.

आता नानांचे म्हणणे. ‘एक नशा गेली, दुसरी आली’ असे त्यांना वाटते, आणि औषधशास्त्राच्या भाषेत जळगावचे डॉक्टरही खोटे बोललेले नाहीत: ब्युप्रेनॉर्फिन अफूवर्गीयच आहे, आणि ते अचानक बंद केले तर त्रास होतो. परंतु व्यसन म्हणजे केवळ शरीराला लागलेली सवय नव्हे. गर्दसाठी तुमचा भाऊ दिवसातून अनेकदा पुडीच्या शोधात जात होता, खोटे बोलत होता, पैसे उचलत होता, आणि प्रत्येक झुरक्यानंतर काही तासांत पुन्हा त्याच ओढीत सापडत होता. ही गोळी दिवसातून एकदा घेतली की पुढचा दिवसभर ना झिंग येते ना टर्की लागते. तिचा परिणाम एका पातळीवर थांबत असल्यामुळे एकट्या गोळीने श्वास थांबण्याचा धोकाही गर्दच्या मानाने फार कमी असतो. नानांनी स्वतः केळी लावली असेल तर त्यांना हे समजावणे सोपे जाईल: घड भरलेल्या झाडाला वाऱ्यात टेकू देतात तेव्हा कोणी त्या झाडाला दुबळे म्हणत नाही, आणि घड उतरण्याआधी टेकू काढतही नाही. पाच आठवड्यांत मुलगा जेवू लागला का, झोपू लागला का, घरात खरे बोलू लागला का, हे त्यांनी पाहावे. गोळीची जात पाहून निवाडा करू नये.

नाल्ट्रेक्सोनवर अन्याय होऊ नये म्हणून सांगते की तेही चांगले औषध आहे. ज्याची नोकरी पणाला लागली आहे, ज्याला घरातले माणूस रोज डोळ्यांदेखत गोळी देते आणि ज्याची स्वतःची तयारी पक्की आहे, अशांना ते उपयोगी पडते. पुढे कधी काळी, ब्युप्रेनॉर्फिन हळूहळू उतरवून झाल्यावर, तुमच्या भावालाही ते देता येईल. पण गोळी चुकवली की संरक्षण संपते आणि सोसण्याची ताकद तर आधीच गेलेली असते, म्हणून गर्दच्या रुग्णांसाठी त्यावर एकट्यावर विसंबणे मला धोक्याचे वाटते. आणि इथेच एक अत्यंत महत्त्वाची सूचना: पहिल्या उपचारातल्या नाल्ट्रेक्सोनच्या गोळ्या घरात उरल्या असतील तर त्या आजच्या आज बाजूला काढा. ब्युप्रेनॉर्फिन चालू असताना ती गोळी चुकून किंवा ‘दोन्ही देऊन पाहू’ म्हणून दिली गेली, तर तीव्र टर्की सुरू होऊ शकते आणि भावाचा या उपचारावरचा विश्वासच उडेल.

सहा महिने बंद करून ठेवण्याविषयी माझा स्पष्ट विरोध आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकार समाविष्ट आहेत, त्यामुळे अशा रुग्णाला कायद्याचे संरक्षण आहे. स्वतः निर्णय घेऊ शकणाऱ्या प्रौढ माणसाला त्याच्या मनाविरुद्ध घरच्यांच्या सहीवर ठेवता येत नाही. ज्याची निर्णयक्षमता गेली आहे त्यालाही पहिल्यांदा जास्तीत जास्त ३० दिवस ठेवता येते. आणि साखळदंडाने बांधणे तर पूर्णपणे निषिद्ध आहे. याहून मोठी गोष्ट अशी की तिथे गोळी तुटेल, आणि सहा महिन्यांनी तो बाहेर येईल तेव्हा वर सांगितलेला धोका पूर्ण जोमाने त्याच्यासमोर उभा राहील. केंद्रांचे काम निरुपयोगी आहे असे मला म्हणायचे नाही. पुण्याचे मुक्तांगण १९८६ मध्ये सुरू झाले तेव्हा त्यामागे गर्दमध्ये अडकलेल्या मुलांचीच तळमळ होती, आणि समुपदेशन, गटचर्चा, घरच्यांच्या सभा यांचे मोल महाराष्ट्राला अशा कामामुळेच कळले. ते सारे भावाला जरूर मिळू द्या, पण ते गोळीच्या जोडीला मिळावे, गोळीच्या बदली नव्हे.

धुळ्याच्या मॅडमना पुढच्या भेटीत काही गोष्टी मोकळेपणाने विचारा, आणि शक्य असेल तर नानांना सोबत न्या. भावाची मात्रा पुरेशी आहे का, हे पहिले विचारा, कारण भीतीपोटी कमी मात्रा ठेवणे हा या उपचारातला नेहमीचा दोष आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार कायम मात्रा सरासरी दिवसाला किमान ८ मिलिग्रॅम असावी. संध्याकाळी अंग दुखते, झोप लागत नाही, ओढ वाटते असे तो म्हणत असेल तर ते ढोंग न समजता डॉक्टरांना सांगा. त्या रजेवर असतील तेव्हा गोळी कोण देणार, घरी नेण्यासाठी गोळ्या कधीपासून मिळतील, आणि तो एकदा घसरला तर उपचार बंद करणार की मात्रा तपासणार, हेही विचारा; शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावरून डॉक्टरची घडण तुम्हाला लगेच कळेल. गोळी किती काळ, याला ठरावीक आकडा नाही. काम, झोप, पैसा आणि घर स्थिर होऊन किमान वर्ष गेल्याशिवाय कमी करण्याचा विषय मी काढला नसता, आणि कमी करणेही महिन्यांच्या गतीने व्हावे.

घरी पाळायच्या गोष्टी थोड्या पण कडक आहेत. गोळी पूर्ण विरघळेपर्यंत जिभेखालीच राहू द्यावी, गिळू नये. विरघळल्यावर पाण्याने चूळ भरावी, ब्रश मात्र तासाभराने करावा, म्हणजे दातांना त्रास होत नाही. दारू किंवा झोपेच्या गोळ्या यांच्याबरोबर ही गोळी जिवावर बेतू शकते, याबाबतीत सवलत नाही. लहान मुलांच्या हाती ती लागू नये म्हणून कुलपात ठेवावी. दात काढायचा असो वा शस्त्रक्रिया असो, ही गोळी चालू आहे हे तिथल्या डॉक्टरांना सांगावे. मात्रा स्थिर होईपर्यंत त्याने ट्रक चालवू नये, आणि नंतरही दिल्लीच्या लांब फेऱ्यांऐवजी जवळची कामे शोधावीत, कारण तेच ढाबे आणि तीच जागरणे त्याला तिकडेच ओढतील.

जळगावच्या डॉक्टरांशी वाद घालू नका आणि संबंधही तोडू नका. काही महिन्यांनी भावाला घेऊन त्यांना सहज भेटा. ज्या प्रकारचा रुग्ण त्यांना शिकताना पाहायला मिळाला नसावा तो त्यांना पाहू द्या; एखादा रुग्ण सुधारलेला पाहून मत बदललेले ज्येष्ठ डॉक्टर मला माहीत आहेत. खानदेशातल्या ज्या तरुण डॉक्टरांच्या हाती हे सदर पडत असेल त्यांना माझे सांगणे आहे की २०२१च्या तुकडीपासून एम.डी.च्या विद्यार्थ्यांना जिल्हा रुग्णालयात जे तीन महिने काढावे लागतात, त्यात निदान काही रुग्णांची ब्युप्रेनॉर्फिन स्वतः सुरू करा आणि ते रुग्ण पोस्टिंग संपल्यावरही फोनवर धरून ठेवा. आणखी शिकायचे असेल तर एम्स, निम्हान्स आणि चंडीगडच्या पी.जी.आय.मध्ये व्यसनोपचाराचा एम.डी.नंतरचा स्वतंत्र डी.एम. अभ्यासक्रम आहे, पण शहादा, साक्री, पारोळ्याच्या रुग्णांना त्या डी.एम.ची वाट पाहणे परवडणारे नाही.

शेवटी, भाऊ कधी घसरला आणि त्याचा श्वास मंद झाला, घोरल्यासारखा आवाज येऊ लागला, ओठ निळसर पडले किंवा तो हाक मारूनही उठेना, तर त्याला कुशीवर वळवा, १०८ला फोन करा आणि काय घेतले आहे ते रुग्णालयात लपवू नका. नॅलोक्सोनचे इंजेक्शन वेळेवर मिळाले तर जीव वाचतो. पोलिसांच्या भीतीने उशीर करू नका. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला एन.डी.पी.एस. कायद्याच्या कलम ६४-अ नुसार सेवनाच्या आणि अल्प प्रमाण जवळ बाळगण्याच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. मधल्या काळात कोणाशी बोलावेसे वाटले तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हे दोन्ही क्रमांक विनामूल्य आहेत, आणि ते फक्त भावासाठी नाहीत. रात्री त्याच्या श्वासाकडे कान लावून बसणाऱ्या घरातल्या कोणीही तिथे फोन करावा.